वाचनालयाच्या आवारातली ३१ झुडपं : पानांच्या नोंदी

१४ जून २०२५

समितीने आवारातल्या झाडांसाठी दोन हजार रुपये मंजूर केले आणि हिशेब लिहून ठेवा म्हणून बजावलं. पैशांचा लिहायचाच आहे तर पानांचाही लिहू, म्हणून ही वही काढली.

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. वाचनालय गावाच्या टोकाला, फाटकापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे थेट पराटीची, म्हणजे कपाशीची, वावरं. आज फक्त मोजणी केली. जास्वंद ९ (फाटकाजवळ ३, भिंतीलगत ६), गुलाब ५, कण्हेर ४, मोगरा ४, चांदणी ३, एक्झोरा ३, लिंबू २, कडीपत्ता १. एकूण ३१. पानं धडधाकट आहेत अशी झुडपं फक्त सात. कुठे भोकं, कुठे पिवळेपणा, कुठे चुरगळलेले शेंडे.

मोजणी संपायच्या आत व्हरांड्यात पेपर वाचणाऱ्या मंडळींनी तीन औषधं सुचवली. तिघांपैकी एकानेही पान उलटून पाहिलं नव्हतं. शाळेत असताना मुलांना सांगायचो, आधी प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. इथे उत्तरं आधीच तयार.

सामान : पोस्टाच्या तिकिटांसाठी घेतलेलं जुनं भिंग, पाठकोरे पांढरे कागद, कात्री. कागद कशाला, तर फांदी त्यावर झटकायची. रस शोषणारे बारीक फुलकिडे नि कोळी पानावर दिसत नाहीत, पांढऱ्या कागदावर चालायला लागले की दिसतात.

२१ जून

गुलाब. पाचही झाडांच्या पानांना कडेने अर्धगोल काप. काप इतका साफ की नाणं ठेवून ब्लेड फिरवल्यासारखा. अळीने खाल्लं तर कड ओबडधोबड राहते आणि खालच्या पानांवर लेंड्या पडतात. इथे लेंडी एकही नाही.

सकाळी आठला खुर्ची टाकून बसलो. साडेनऊच्या सुमारास मधमाशीएवढी एक काळपट माशी आली, पानाच्या कडेवर टेकली आणि स्वतःभोवती गोल फिरत पान कापलं. पाच-सात सेकंदांचं काम. तुकडा पोटाखाली गुंडाळून धरला नि उडाली ती सरळ खिडकीच्या चौकटीकडे. तिथे जुन्या खिळ्याचं भोक आहे, त्यात शिरली. पानकापी माशी ही. पान खात नाही. भोकात पानांच्या तुकड्यांच्या कुप्या करते, प्रत्येक कुपीत परागाचा गोळा आणि त्यावर एक अंडं. गुलाबाला यातून धोका काही नाही, दिसायला तेवढं खराब.

उपाय : काही नाही. खर्च : शून्य.

समितीचे एक सदस्य म्हणाले, "मंग दोन हजार कायले पाह्यजे होते, गुरुजी?"

२८ जून

लिंबू आणि कडीपत्ता. लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेषा, गोगलगाय चालून गेल्यासारख्या. पान उजेडाकडे धरलं की रेषेच्या टोकाला पिवळसर बारीक अळी दिसते. ती पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली बसून खात पुढे सरकते. हीच नागअळी. संत्र्याच्या पट्ट्यात हिला वेगळी ओळख लागत नाही. जून पानात ती शिरत नाही, तिला फक्त नवी पालवी लागते. तेव्हा दोन गोष्टी : जास्त पोखरलेले शेंडे खुडून जाळले, आणि लिंबाला युरिया टाकायचा बेत रद्द केला. नत्र जास्त दिलं की नवी लुसलुशीत पालवी फुटत राहते आणि नागअळीची पंगत संपत नाही.

कडीपत्त्यावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी होतं. काडीने हलवलं तर ते सरकलं. लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी-लाल दोन शिंगं बाहेर काढते. सडक्या लिंबासारखा वास सुटतो. सात अळ्या निघाल्या. चार लिंबाच्या मोठ्या झाडावर नेऊन सोडल्या, तीन पाचवीच्या पोरांनी काचेच्या बरणीत नेल्या. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून ज्या ब्लू मॉर्मनची निवड केली, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. पोरांना हे सांगितलं. त्यावर एकीने विचारलं, "मंग आपण थे मारत होतो का इतके दिवस?"

५ जुलै

जास्वंद. इथे खरा मामला आहे. नऊच्या नऊ झाडांच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे पुंजके, पानं चिकट, त्या चिकटपणावर काजळी, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. खोडावरून मुंगळ्यांची रांग वर-खाली. मुंगळे त्या गोडसर चिकट्यासाठी पिठ्या सांभाळतात. शत्रू आला तर हाकलतात, आणि एका फांदीवरून दुसरीवरही नेऊन ठेवतात.

ही जात पराटीवालीच. २००५-०६ च्या आसपास देशात कापसावर तिचा बोभाटा झाला. पीक नसलं की ती गाजरगवतावर दिवस काढते. म्हणून आधी आवारातलं आणि फाटकाबाहेरचं गाजरगवत मुळापासून उपटलं. त्याच्या पानांवर पिवळसर पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगे दिसले. ते पाहून पोरं मारायला धावली, थांबवलं. मेक्सिकन भुंगेरे ते, गाजरगवत खायलाच बाहेरून आणलेले. जास्वंदाला तोंडही लावत नाहीत.

त्यानंतर जास्त लडबडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवले. खोडांना चिंधी गुंडाळून वर ग्रीस फासलं, मुंगळ्यांसाठी. ग्रीस सालीला लागू द्यायचं नाही, चिंधीलाच लावायचं.

९ जुलै

निंबोळी अर्काची फवारणी. भावाकडे गेल्या वर्षीच्या वाळवलेल्या निंबोळ्या होत्या. ५०० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवला, सकाळी फडक्यातून गाळला, दहा लिटर केला, दहा ग्रॅम साबणाचा चुरा घातला. हा झाला पाच टक्के अर्क. ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर फवारला. पानांच्या खालून मारायचा, पिठ्या तिथेच दडतात.

फवारताना तोंडाला रुमाल, हातमोजे, चष्मा. निंबोळीला इतकं कशाला म्हणून मंडळी हसली. हसू द्या. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्यानंतर पंप पाठीवर घेणाऱ्याने हसण्यावारी नेऊ नये असं माझं मत आहे.

पंप भावाच्या वावरातला, १६ लिटरचा. भिंतीलगतची सहा जास्वंदं होईपर्यंत अर्क संपला. फाटकाजवळची तीन राहिली. त्यांची पाळी पुढच्या आठवड्यात.

१५ जुलै

भिंतीलगतच्या जास्वंदांचं काहीतरी बिनसलंय. पिठ्या कमी झाले, पण नवी पानं विचित्र येताहेत.

एक पान वहीशेजारी ठेवून लिहितोय. जास्वंदाचं पान तळहातासारखं रुंद असायला हवं. हे माझ्या करंगळीएवढं अरुंद आहे. शिरा एकमेकींना चिकटून कंगव्याच्या दातांसारख्या सरळ टोकापर्यंत गेलेल्या. कडा आत ओढलेल्या, टोकाला सुतळीसारखे दोन काटे. देठ पिळलेला. पान जाडसर, चामड्यासारखं लागतं. रंग मात्र हिरवागार. भोक नाही, डाग नाही, चिकटपणा नाही.

कागदावर फांदी झटकली. फुलकिडे दोन. दोघांनी इतका अनर्थ होत नाही. कोळी नाही. व्हरांड्यात निकाल लागला की व्हायरस आहे, झाडं उपटा. एकाने "बोकड्या" असं नावही देऊन टाकलं.

१६ जुलै

रात्री अंथरुणात सुचलं ते सकाळी जाऊन ताडून पाहिलं. बिघडलेली झाडं सहा. फवारलेली झाडं सहा. तीच. फाटकाजवळच्या तिघांवर पिठ्या आहेत, पण पानं रुंद आणि सरळ.

वावरातून वाऱ्यावर काही आलं म्हणावं तर फाटकाजवळची तीन वावराच्या जास्त जवळ. आधी त्यांना लागायला हवं होतं. निंबोळीने असं होत नाही, तीच निंबोळी भावजयीने वांग्यावर मारली आहे, वांगी ठीक आहेत. राहिला पंप.

१७ जुलै

भावाचा सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला गडी, माझाच जुना विद्यार्थी. पान त्याच्या हातात दिलं. त्याने उलटसुलट केलं, मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "पंप कोनता नेला होता, गुरुजी?"

"निळा."

"मंग हे टू-फोर-डी हाये. पराटीले असंच होते, पान भेंडीवानी फाटते. त्या पंपानं म्या धुऱ्यावर गाजरगवतावर मारलं होतं. दोन पानी धुतला होता न पण."

दोन पाणी पुरत नाहीत. हे तणनाशक रुंद पानांच्या झाडांच्या वाढीच्या रसाची नक्कल करतं. त्यामुळे शेंडा भलतीकडेच वाढत सुटतो. गवतवर्गातल्या गव्हा-ज्वारीला ते झेपतं, म्हणून तिथे वापरतात. पण कपाशीला त्याचा नुसता मागमूसही सोसत नाही, आणि जास्वंद, भेंडी, अंबाडी ही सगळी कपाशीच्याच कुळातली. पंपाच्या नळीत, वायसरात, जाळीत जे अडकून राहतं तेवढं पुरे.

म्हणजे पिठ्या घालवायला गाजरगवत उपटा म्हणणारा मी, आणि गाजरगवताच्याच औषधाचा पंप जास्वंदावर रिकामा करणाराही मी. सालदाराची चूक नाही. पंपात आधी काय होतं हे मी विचारलं नाही.

१८ जुलै

अंदाजावर सोडायचं नाही म्हणून परीक्षा. परसातून भेंडीची चार रोपं कुंड्यांत आणली, चार-चार पानांची. पंपात विहिरीचं नुसतं पाणी भरलं, हलवलं, दोन रोपांवर मारलं. उरलेल्या दोघांवर तेच पाणी, पण झारीने. कुंड्या पायरीवर ओळीने ठेवल्या, खडूने खुणा केल्या. पोरांना सांगितलं, हात लावायचा नाही, रोज चित्र काढायचं.

२४ जुलै

पंपवाल्या दोन्ही भेंड्यांचे देठ खाली वळले, नवं पान पंजा आवळल्यासारखं. झारीवाल्या दोन्ही सरळ. चौथीतल्या मुलीचं चित्र माझ्या वर्णनापेक्षा बरं आहे, वहीत चिकटवलं.

यावर उतारा म्हणून मारायचं औषध नाही. झाड जगलं तर नव्या फुटव्यावर सुधारतं. म्हणून : खत नाही, पाणी नियमित, बुंध्याशी पाचोळा. वाकडे शेंडे लगेच छाटायचे नाहीत. झाड आधीच अशक्त, आणि वाकडं असलं तरी हिरवं पान अन्न करतं. सरळ पालवी दिसल्यावर छाटणी.

पंपाचं काम सालदाराने स्वतःहून अंगावर घेतलं. पंप पूर्ण भरून त्यात धुण्याचा सोडा दोन मुठी, खूप हलवून थोडं नोझलमधून काढलं, बाकी रात्रभर तसंच. सकाळी पडीक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओतलं, नाल्यात नाही. नोझल, जाळी, वायसर वेगळे काढून सोड्यात घासले. मग तीन साधी पाणी. पुन्हा भेंडीवर मारून पाहणार. ती सरळ राहिली तरी या पंपाने पुन्हा जास्वंद नाही. त्याने लाल रंगाने पंपावर "तन" लिहून आणलं. 'ण' दुरुस्त करायचा मोह आवरला.

वाचनालयासाठी दोन लिटरचा हातपंप घेतला, ३२० रुपये. हा आमचा पहिला मोठा खर्च.

२ ऑगस्ट

चांदणी. दोन दिवसांत अर्धं झाड बोडकं. खाली फरशीवर मिऱ्यांएवढ्या काळ्या-हिरव्या लेंड्या. लेंड्या जिथे पडतात त्याच्या बरोबर वर पाहायचं. तरीही दहा मिनिटं शोधावं लागलं. मधल्या बोटाएवढी लठ्ठ हिरवी अळी, मानेवर दोन निळे डोळे. खरे डोळे नाहीत, भीती दाखवायचे. शेपटीला आखूड शिंग. कण्हेर-चांदणीसारख्या चिकाच्या झाडांवर वाढणाऱ्या मोठ्या पतंगाची ही अळी. तीनच होत्या. तीन अळ्यांसाठी फवारणी म्हणजे उंदरासाठी घर जाळणं. उचलून बरणीत टाकल्या, बरणीत चार बोटं ओली माती, कारण कोषावस्थेत जायला ती खाली उतरते.

१० ऑगस्ट

एक्झोरा. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जणू कुणी हिरव्या पेनने शिरा गिरवल्यात. आधी जुनी पानं पिवळी पडली असती तर नत्राची कमतरता म्हटलं असतं. नव्याच पानांवर, तेही जाळीदार, म्हणजे लोह. आपल्या काळ्या जमिनीत लोह नसतं असं नाही, चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही. तिन्ही एक्झोरे भिंतीच्या कोपऱ्यात. तिथे खणलं तर एका वितीवर चुन्याच्या गिलाव्याचा मलबा निघाला. भिंत दुरुस्त झाली तेव्हा गवंड्याने तिथेच पुरलेला.

मलबा चार घमेली काढला, शेणखत आणि पालापाचोळ्याची माती भरली, पाणी साचू नये म्हणून चर काढला. वरून हिराकस (लोहाचा क्षार), लिटरला पाच ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारा. पंधरवड्याने परत. हिराकसचा डाग भिंतीला पडला की जात नाही, हे भिंतीला पडल्यावर कळलं.

१७ ऑगस्ट

बरणीतून पतंग निघाला. हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखे पंख. व्हरांड्यातले सगळे पेपर टेबलावर ठेवून उठले.

२० ऑगस्ट

गुलाबांवर काळे ठिपके. गोल, कडेला झालर असल्यासारखे, भोवती पिवळं, आणि पान गळतं. ही बुरशी. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की तिचं बी रुजतं, आणि श्रावणात पान कोरडं कधी असतं? गळलेली पानं वेचून जाळली, मधल्या फांद्या विरळ केल्या, पाणी सकाळी नि बुंध्याशीच.

शिवाय एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक. ५० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा क्षार) अडीच लिटर पाण्यात, ५० ग्रॅम चुना वेगळ्या अडीच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मग दोन्ही धारा एकदम तिसऱ्या बादलीत ओतायच्या. घासलेला खिळा बुडवून पाहायचा, त्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी आहे. आमचा खिळा तसाच राहिला. संत्र्यावाल्यांना हे नवीन नाही, ते बुंध्यांना बोर्डोची पेस्ट फासतातच. मूळ गंमत फ्रान्सची : बोर्डोकडच्या मळेवाल्यांनी रस्त्याकडेची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चोरू नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडला, त्याच वेली रोगातून वाचल्या. मिलार्देत या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ते जाहीर केलं.

२२ ऑगस्ट

पोळा. काम नाही. भिंतीलगतच्या चौथ्या जास्वंदाला एक पान रुंद आलंय. एकच.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. समितीला वाचनालयाच्या गणपतीसाठी आवारातलंच जास्वंद हवं होतं. भिंतीलगतची सहा झाडं फुलाविना. फाटकाजवळच्या तिघांवर बावीस कळ्या.

त्या तिघांना अर्क मारायचा राहूनच गेला होता. जुलैत फक्त शेंडे कापले होते आणि ग्रीसची चिंधी बांधली होती. पिठ्या गेले कुठे म्हणून भिंग लावलं. आहेत, पण पांढरे नाहीत. तपकिरी, फुगलेले, कडक, आणि बहुतेकांच्या पाठीला सुईने पाडल्यासारखं गोल भोक. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली एक अगदी बारीक माशी पिठ्याच्या अंगात अंडं घालते, तिची अळी त्याला आतून खाते आणि भोक पाडून निघते. कापसावर हीच कामाला येते. मुंगळ्यांची रखवाली उठल्यावर तिला रान मोकळं मिळालं.

सहा झाडांवर मी कष्ट केले, तीन विसरलो. बावीस फुलं विसरलेल्यांची.

१४ सप्टेंबर

भिंतीलगतच्या पाच जास्वंदांना सरळ पालवी. आज वाकडे शेंडे छाटले. सहावं सुकलं. त्या जागी फाटकाजवळच्या झाडाची फांदी लावली. कण्हेरीच्या शेंड्यांवर पिवळा मावा होता, पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढला, दोनदा. कण्हेरीची छाटलेली पानं शेळ्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून खड्ड्यात पुरली. जाळायचीही नाहीत, धूरही विषारी. एका पानाखाली फुलपाखराचा कोष टांगलेला, आरशासारखा चांदीचा. त्यात माझा चष्मा दिसत होता.

एक्झोऱ्याची नवी पानं हिरवी.

१२ ऑक्टोबर

हिशेब दिला. हातपंप ३२०, मोरचूद-चुना ९०, हिराकस ४०, ग्रीस ३०, भिंतीवरच्या डागासाठी रंग १५०. एकूण ६३०. उरलेले १३७० परत केले. सदस्यांनी विचारलं, औषधाचा खर्च कुठे आहे? दाखवला.

भिंतीलगत आज तीन फुलं. तिसऱ्या झाडावर जुलैतलं एक वाकडं पान अजून आहे, छाटताना मुद्दाम ठेवलं. सालदार आला की ते पाहूनच आत येतो.

दिवाळीआधी खिडक्यांना रंग द्यायचा म्हणून रंगारी लांबी घेऊन आला होता, चौकटीतली भोकं बुजवायला. डाव्या खिडकीच्या खालच्या भोकापाशी हिरव्या पानाचा कापलेला तुकडा अडकलेला दिसला. तेवढं एक सोडायला सांगितलं.